कोंडी कुणाची?

(तोरणमाळ येथील बैठकीतील भाषण)



आज घाट चढून आपण इथवर आलो. वळणावर एखादा ट्रक बंद पडला, की वरची गाडी वर आणि खालची खाली. सगळे म्हणतात, कोंडी झाली. पण एका गाडीत दूध असते आणि दुसरी रिकामी असते. कोंडी दोघांची, नासते मात्र एकाचेच.

बोलणी अडली की पेच, तिढा, कोंडी हे तीन शब्द एकाच मापाने वापरले जातात. ते एक नाहीत. तिढा दोरीला पडतो. उलटा पीळ दिला की सुटतो. पेच कुस्तीतला, त्यातून अंग सोडवून घ्यायचे असते. कोंडी मात्र फोडावी लागते, कारण तो शब्द 'कोंडणे' यातून आला. त्याच घरातला कोंडवाडा आपल्याला चांगला ठाऊक आहे. ढोर आत गेले की दंड भरल्याशिवाय बाहेर येत नाही. कोंडवाड्याचा रखवालदारही कोंडीत आहे, असे कुणी म्हणते काय?

बुद्धिबळात राजाला शह नाही, पण कोणतीच चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. आपल्या धंद्यात अशी बरोबरी नाही.

२०२२-२३ चा हंगाम आठवा. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. म्हणून आपण घरे भरून ठेवली. व्यापारी थांबला, आपणही थांबलो. 'बाजाराची कोंडी केली,' असे आम्हीच बैठकांतून बोललो. पण भाव सात हजारांच्या आसपास उतरला. घरातल्या कापसाने पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, व्याज चढत गेले आणि पेरणी तोंडावर आली. व्यापाऱ्याला पेरणी नव्हती. कोंडी त्याची नव्हती, आपली होती. शब्द चुकला, म्हणून हिशेब चुकला.

आता दिल्लीच्या वेशीवरची गोष्ट. त्या तीन कायद्यांविषयी आपल्यातही दोन मते होती, ती असू द्या. २२ जानेवारी २०२१ रोजी बोलणीची अकरावी फेरी फिसकटली. पुढे महिनोन्‌महिने बोलणीच नाहीत. शेतकरी उठले नाहीत, कारण ते थांबायची तयारी करूनच निघाले होते. ट्रॉलीत शिधा होता, लंगर चालू होते, गावोगावची माणसे पाळीपाळीने येत-जात होती. १९ नोव्हेंबरला सरकारने माघार जाहीर केली आणि २९ नोव्हेंबरला संसदेने कायदे रद्द केले. तिथे थांबणे सरकारला जड गेले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. 'कोंडी' म्हणण्याआधी विचारा: थांबणे कुणाला परवडते? सगळा कापूस एकदम अडवून धरू नका. देणे भागेल आणि पेरणी उरकेल एवढा विका; उरलेला निर्धास्तपणे ठेवा. ज्वारी कोठीत टिकते. बाजार समितीत शेतमाल तारणाची सोय असेल तर उचल घेऊन धान्य राखा. आणि एकट्याने अडू नका. एकटा अडला तर तो कोंडला जातो. गाव हिशेब करून अडले, तरच समोरच्याची कोंडी होते.

घरी जाताना प्रत्येकाने आपल्या घरापुरता हिशेब मांडावा: आपण किती दिवस थांबू शकतो? तो आकडा घेऊन पुढच्या बैठकीला या. मागण्या काय करायच्या, ते त्यानंतर ठरवू.