वास्तुकला शिकायला आलेली मुलगी आणि आपलं शहर

(भायखळ्यातील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



परदेशी शिकायला गेलेल्या बाईची गोष्ट आपण नेहमी एकाच दिशेने सांगतो. आपली मुलगी बोटीत बसते, सातासमुद्रापार जाते, हालअपेष्टा सोसते, पदवी घेते आणि आपण तिला हार घालतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हापासून ही गोष्ट आपल्या तोंडपाठ आहे. आज मी उलट दिशेची गोष्ट सांगणार आहे. परक्या देशातली एक मुलगी वास्तुकला शिकायला आपल्या मुंबईत आली होती, तिची. म्हणजे या गोष्टीत परदेश आपण आहोत. मोठं, अनोळखी शहर आपलं आहे. या शहराने तिला काय दिलं आणि काय नाकारलं ते बघू या, आणि मग आज आपल्या शेजारच्या इमारतीत पी.जी. म्हणून राहणाऱ्या मुलीकडे वळू या.

तिचं नाव मिनेट डिसिल्वा. जन्म १९१८, गाव कँडी, तेव्हाचं सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. घर राजकारणातलं. आई ॲग्नेस बायकांच्या मताधिकारासाठी झटलेली. सिलोनमध्ये १९३१ साली तो मिळाला. वडील जॉर्ज डिसिल्वा पुढारी, पुढे आरोग्यमंत्री झाले. अशा घरातसुद्धा मुलीने आर्किटेक्ट व्हायचं म्हटल्यावर वडील तयार नव्हते. हे मी मुद्दाम सांगते. शिकलेल्या, पुढारलेल्या घरात हा प्रश्नच येत नसेल असं आपल्याला वाटतं. येतो, तिथेही येतो.

सिलोनमध्ये तेव्हा वास्तुकला शिकवणारं महाविद्यालय नव्हतं. म्हणून १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती मुंबईला आली. सुरुवातीला तिने उमेदवारी केली ती 'मिस्त्री अँड भेडवार' या कचेरीत. तिथे पेरीन मिस्त्री काम करत होत्या. पेरीनबाई १९३६ साली जे.जे.मधून वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या. भारतात वास्तुकलेचं शिक्षण पुरं करणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांनी बोरिवलीच्या खटाव मिलचं काम केलं. खटाव मिल म्हटलं की आपल्या भायखळ्यातल्या जुन्या बायकांना वेगळं सांगायला नको. तर एका परक्या मुलीची शहराशी ओळख झाली ती अशी, जिथे एक बाई आधीपासून उभी होती अशा कचेरीत. पेरीनबाई आणि त्यांचे भाऊ मिनू यांच्याशी तिची मैत्री झाली. कचेरीच्या जोडीला ती गजानन बाबुराव म्हात्रे यांच्या खाजगी अकादमीत शिकायला जाई. म्हात्रे स्वतः लंडनला शिकून आलेले. मुंबईच्या 'आर्ट डेको' इमारती उभारणाऱ्यांत हा मराठी माणूस पहिल्या रांगेत होता.

नंतर तिने जे.जे.च्या वास्तुकला शाळेत प्रवेश घेतला. आपल्याकडे जे.जे. म्हटलं की हॉस्पिटल आठवतं. हे दुसरं जे.जे., भायखळ्याहून लोकलने तीन स्टेशनं पुढे, व्ही.टी.जवळचं. 'चले जाव'चे दिवस होते. गवालिया टँक इथून फार लांब नाही. गांधीजींच्या सुटकेची मागणी करणाऱ्या मोर्चात ती गेली. शाळेच्या प्रमुखांनी माफीपत्र मागितलं. तिने ते दिलं नाही आणि तिला काढून टाकण्यात आलं.

बघा, तिची रेखाटनं चुकली म्हणून तिला काढलं नाही. ती रस्त्यावर उतरली आणि उतरल्याबद्दल तिला वाईट वाटत नव्हतं, म्हणून काढलं.

पुढचं थोडक्यात सांगते. तिने बंगलोरला ओटो कोनिग्सबर्गर या वास्तुतज्ज्ञांकडे काम केलं. मुंबईत १९४६ साली 'मार्ग' हे नियतकालिक सुरू झालं, त्यात ती आणि तिची बहीण अनिल या दोघी होत्या. मग ती लंडनला गेली, 'आर्किटेक्चरल असोसिएशन'च्या शाळेत. त्या शाळेने १९१७पासून मुलींना प्रवेश दिला होता. ती गेली तेव्हा लंडन युद्धातून नुकतं बाहेर पडलेलं. पाव रेशनवर होता, १९४७च्या हिवाळ्यात कोळशाची भयंकर टंचाई झाली. १९४८ साली ती ब्रिटिश वास्तुविशारदांच्या शाही संस्थेची सदस्य झाली. आशियातली पहिली बाई. पुस्तकांत हे शेवटचं वाक्य ठळक छापतात. थंडी, रेशन आणि मुंबईचं ते न दिलेलं माफीपत्र एखाद्या ओळीत उरकतात.

आता आजच्या मुलीकडे येऊ. तिचं नाव मी सांगणार नाही. ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आली आहे. तिच्या घरच्यांना मुंबई हा परदेशच आहे. वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. तिचं तिसरं वर्ष चालू आहे. पहिली दोन वर्षं ती मुलींच्या एका वसतिगृहात होती, आता आपल्या भागात एका खोलीत पाचजणी राहतात. पलंग तिचा, टेबल कुणाचंच नाही. शीट्स ती जमिनीवर पसरून काढते, बाकीच्या झोपल्या की दिवा बंद करून मोबाइलच्या उजेडात. पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात चढणं म्हणजे काय असतं ते तुम्ही ओळखा. अनोळखी बाया हातोहात मॉडेल वर धरतात, "पोरीच्या परीक्षेचं आहे गं," म्हणतात. हे सांगताना ती हसते.

वसतिगृहाचं सांगताना ती हसत नाही. तिथे फाटक रात्री नऊला बंद व्हायचं. सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजचा स्टुडिओ रात्री उशिरापर्यंत चालतो. वर्गातले मुलगे थांबतात, एकमेकांचं काम बघतात, सरांना गाठून चार गोष्टी विचारतात. ही आठला सामान आवरते. दहा मिनिटं उशीर झाला की रजिस्टरवर सही, आणि वर एक अर्ज: "पुन्हा असे होणार नाही." खाली तिची सही आणि गावाहून वडिलांची. दोन वर्षांत असे सात अर्ज तिने लिहिले. जुन्या इमारती बघून, मोजून, काढून आणा असं शिक्षक सांगतात. मुलगे संध्याकाळी बाजार भरतो तेव्हा जातात, रात्री तो उठतो तेव्हाही बघतात. हिला शहर दुपारचंच दिसतं.

मिनेटने एक माफीपत्र नाकारलं. या मुलीने सात लिहिली. म्हणून ती भित्री ठरते का? मुळीच नाही. मिनेटच्या मागे घराणं होतं, ओळखी होत्या. एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावण्याइतकी ऐपत होती. या मुलीने अर्ज लिहिला नाही तर पलंग जातो, पलंग गेला तर शिक्षण जातं, आणि गावाकडे स्थळ तयारच असतं. बाणेदारपणाचीही किंमत असते आणि ती वर्गाप्रमाणे, जातीप्रमाणे बदलते. म्हणून एकेकीच्या धैर्याच्या गोष्टी सांगून आपलं काम संपत नाही. जिला नकार परवडत नाही तिच्यावर असा कागद लिहायची वेळच येऊ नये, हे बघणं संघटनेचं काम आहे.

लगेच कोणी म्हणेल, ताई, हे सगळं सुरक्षेसाठी आहे. मीही पालकांची भीती रोज ऐकते आणि ती खोटी नाही. पण २०२३च्या जूनमध्ये चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात काय घडलं ते आठवा. एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला, तिचा खून झाला. तिच्याच खोलीत. पोलिसांचा संशय होता तो वसतिगृहात पहाऱ्याचं काम करणाऱ्यावर. ती मुलगी रात्री रस्त्यावर भटकत नव्हती, नियम मोडत नव्हती. फाटकाच्या आत होती. सगळी देखरेख मुलींवरच ठेवली की ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यावर कोण देखरेख ठेवतं, हे विचारायचं राहून जातं.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाची लैंगिक छळाबाबतची २०१५ची नियमावली आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की विद्यार्थिनींच्या सुरक्षेचं कारण सांगून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम मुलींवर लादता येणार नाहीत. त्याच २०१५ साली दिल्लीच्या मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आवाज उठवला, त्यांनाही या नियमांचा आधार झाला. मात्र ही नियमावली उच्च शिक्षणसंस्थांसाठी आहे. घरमालकाने चालवलेल्या पी.जी.ला ती लागू होत नाही, आणि बाहेरगावच्या किती तरी मुली अशाच खोल्यांत राहतात. तिथे नियम म्हणजे घरमालकिणीचा शब्द. ती घरमालकीण पुष्कळदा आपल्यातलीच असते, आपल्या गटाच्या बैठकीला येणारी. तेव्हा हे बोलणं आपल्या घरापासून सुरू करायला हवं.

आता तुम्ही विचाराल, आपल्या वस्तीचे प्रश्न काय थोडे आहेत, की आर्किटेक्ट होणाऱ्या पोरींचे घेऊन बसायचं? त्याचं उत्तर पुन्हा मिनेटच्याच कामात आहे. १९५०च्या दशकात कँडीला वाटापुलुवा इथे सरकारी नोकरांसाठी वसाहत उभारायची होती, सुमारे अडीचशे घरांची. मिनेटने आधी राहायला येणाऱ्या कुटुंबांकडून प्रश्नावली भरून घेतली, मुलाखती घेतल्या. वेगवेगळ्या धर्मांची, समाजांची माणसं होती. तुम्ही कसे राहता, तुम्हाला काय हवं, हे विचारलं आणि त्यावरून घरांचे नमुने ठरवले.

आपल्याला असं कोणी विचारलंय? भायखळ्यात, माझगावात, लालबागमध्ये जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतात. बैठकांना पुरुष जातात, चौरस फुटांवर भांडणं होतात, नकाशावर सह्या होतात. मोरी कुठे येणार, कपडे वाळत कुठे घालायचे, गॅलरी गेली तर म्हातारीने दिवसभर बसायचं कुठे, शेजारणीला हाक कशी मारायची, हे त्या नकाशात कोणी काढत नाही. आपल्या घराचा नकाशा उद्या ज्या काढणार आहेत त्या आज आपल्या शेजारी राहतात. ज्या मुलीला शहर दुपारचंच बघू दिलं, तिच्याकडून रात्रपाळीच्या नर्सला सोयीचा रस्ता आखला जाईल अशी अपेक्षा कशी करायची? ज्या भायखळा स्टेशनवर आपण रोज चढतो-उतरतो, त्याच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ते काम आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंच्या देखरेखीखाली झालं. बायकांच्या हातून ही कामं होतात. त्यांना शहर बघायला मिळालं पाहिजे.

म्हणून तीन कामं सुचवते. एक, प्रत्येक गटाने आपल्या भागातली मुलींची वसतिगृहं आणि पी.जी. यांची यादी करावी: भाडं, माणसं किती, संडास किती, फाटकाची वेळ काय, पहारेकरी कोण आणि तक्रार कोणाकडे करायची. दोन, कॉलेजच्या वसतिगृहांना पत्र द्यावं की वेळा मुलींना बसवून ठरवा, सज्ञान मुलींकडून पालकांच्या सहीचे माफीचे अर्ज घेणं बंद करा आणि तक्रार समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लावा. तीन, या मुलींना आपल्या चाळीत बोलवा. त्यांना अभ्यासासाठी घरं मोजायचीच असतात. आपली मोजू द्या, आणि मोजताना आपणही बोलू. पुनर्विकासाचा नकाशा समोर आला की तो वाचायला त्याच आपल्याला शिकवतील.

पहिली यादी पुढच्या बैठकीला आणा. पत्राचा मसुदा मी लिहून आणते, दुरुस्त्या सगळ्याजणी मिळून करू.