खाडीवरील पाखरे आणि आपला कॅमेरा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थी साहाय्य अशा विषयांचा ऊहापोह होतो, आणि ते योग्यच आहे. आज मी थोडा निराळा विषय घेतला आहे. आपल्या घरांतील तरुण मंडळी अलीकडे सुटीच्या दिवशी पहाटे कॅमेरा घेऊन खाडीवर जातात. छंद उत्तम आहे. परंतु त्याला शिस्तीची जोड हवी. ती शिस्त कोणती, एवढेच मला सांगावयाचे आहे.

भिवंडी म्हटली की यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. तरी आपला हा मुलूख मुळात पाणकाठचा. कामवारी नदी शहराजवळून वाहत खाडीला मिळते. कशेळी, काल्हेर ही गावे उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेली आहेत. ही खाडी वसईकडे जाते, आणि ठाण्यापाशी एका चिंचोळ्या प्रवाहाने ठाण्याच्या खाडीशीही जोडलेली आहे. त्या ठाणे खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हजारो रोहित पक्षी मुक्कामास असतात. यांनाच कोणी अग्निपंख, तर कोणी फ्लेमिंगो म्हणतात. २०१५ साली शासनाने तेथील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. २०२२ साली त्याची गणना रामसर करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत झाली. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर व लोणार यांच्यानंतर हा मान मिळालेले हे तिसरे स्थळ होय.

पूर्वी पाखरांचा अभ्यास बंदुकीने होत असे. डॉ. सालीम अली यांनीही बालपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पुढे १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे चिकाटीने निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी विणतो आणि निरनिराळ्या माद्या त्यांत नांदावयास येतात, ही रीत त्या निरीक्षणातून उलगडली. बंदुकीने पाखराचे शरीर हाती येते. त्याचा संसार कळावयाचा तर स्वस्थ बसावे लागते. कॅमेरा हाती घेणार्‍याने हे प्रथम ध्यानी धरावे.

रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी व चिखल गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शैवाल व जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. ओहोटीने चिखल उघडा पडला की याची पंगत मांडली जाते; भरती चढली की पाने उचलली जातात. उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून कित्येक जण होडी थेट थव्यात घालतात, आरोळ्या देतात, टाळ्या पिटतात. आपल्या घरी पंगतीस बसलेल्या पाहुण्याला अर्ध्या पानावरून उठविणे आपण पाप मानतो. मग दूरदेशाहून आलेल्या या पाहुण्याला तो न्याय का नसावा?

शिवाय त्याची गरजही नाही. आपल्या कोकणपट्टीत जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. खाडीच्या आतल्या भागात ती थोडी उशिरा येते. अर्थात पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पहाटे ओहोटी असते आणि दुपारपर्यंत पाणी चढत जाते. कोवळ्या उन्हात हे चढते पाणीच पाखरांना काठाकडे सरकविते. सूर्य पाठीशी ठेवावा, होडीचे इंजिन दूरच बंद करावे, अंग लहान करून बसावे. चिखल चकाकत असल्यास कॅमेर्‍यात प्रकाश किंचित कमी घ्यावा, नाहीतर पांढरट पिसे चित्रात जळून जातात. बाकीचे काम खाडी करते.

कायद्याचेही एक कलम सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही समाविष्ट आहे. चित्रात आड येते म्हणून घरट्यावरची फांदी मोडणारा, हातात बंदूक नसली तरी, शिकारीच ठरू शकतो.

आता शेवटचा मुद्दा. तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. लांब पल्ल्याच्या भिंगातून केवळ पाखरू टिपू नका. मागची तिवरांची रांग, खाजण आणि पलीकडचा भरावही चौकटीत येऊ द्या. खाजण म्हणजे पडीक जागा, असे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. वस्तुतः भरतीचे आणि पावसाचे पाणी तेथेच पसरते. भराव पडला की तेच पाणी वस्तीची वाट धरते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरील घाला ठरविला आणि तिवरांभोवती पन्नास मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. तो पट्टा राखला जातो की नाही, हे सांगावयास साक्षीदार हवा. एकाच जागेवरून दरवर्षी घेतलेले, तारीख-वार नोंदविलेले छायाचित्र ही साक्ष देऊ शकते.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे. पुढील संमेलनात तरुणांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे आणि बक्षिसास एकच अट ठेवावी, ती ही की, चित्रासाठी एकही पाखरू उठविलेले नसावे. आणि या अंकाची दोन पाने दरवर्षी कशेळी-काल्हेरच्या खाडीकाठासाठी राखून ठेवावीत. दहा वर्षांचे अंक जुळवून पाहिले म्हणजे आपण काय राखले आणि काय गमावले, हे आपल्या नातवंडांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.