हाताची विद्या

सर जमशेटजी जिजीभाई यांनीं दिलेल्या एक लक्ष रुपयांतून मुंबईची कलाशाळा १८५७ च्या मार्चमध्यें सुरू झाली. तिच्या वर्धापनदिनीं आपण थोर चित्रकारांचें स्मरण करतों, तें उचितच. परंतु देशी कारागिरांचें कसब वाढावें, हा तिचा मूळ हेतु होता. तेथील अध्यापक लॉकवुड किपलिंग यांनीं योजिलेलीं शिल्पें क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर आजहि दिसतात; १८९१ सालीं लॉर्ड रे यांच्या नांवाच्या कर्मशाळाहि तेथें निघाल्या. कलावंत व कारागीर यांच्यांत तत्त्वतः भेद नाहीं, हाच उद्घोष १९१९ सालीं ग्रोपियस यांनीं जर्मनींतील वायमार येथें ‘बाउहाउस’ ही शाळा स्थापतांना केला. ती शाळा १९३३ सालीं बंद पडली. विचार मात्र जगभर पसरला.

आमच्या अलोरे गांवाकडे चित्रकलेचा तास गणितास देऊन टाकण्याची वहिवाट मी वर्षानुवर्षें पाहिली. पालकांस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, गणपतीच्या शाळेंत माती मळण्यांत रमणाऱ्या मुलास उनाड म्हणूं नका. त्यास चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेस बसवा. हाताची विद्या ही बुद्धीचीच विद्या आहे.