रंध्याचे यंत्र व आमची दहा बोटे

(चाकण भागातील सुतार व कामकरी मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर, पाभर, कुळव, गाडीचे चाक ही सारी त्याच्या हातची, आणि खळ्यावरचे धान्य हे त्याच्या कष्टाचे मोल. या भागात तो काळ आता राहिला नाही. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीनच्या सरकारी कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि चाकणपर्यंत शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले. मोटारींचे सुटे भाग बांधून पाठवावयाचे म्हणजे लाकडी खोकी व पॅलेट लागतात. त्या कामावर सुताराचा मुलगा आहे, तसा कुणब्याचाही आहे. त्याच्या पुढ्यात आता विजेवर फिरणारा रंधा आहे. त्यास कोणी सरफेस प्लेनर म्हणतात, कोणी जॉइंटर म्हणतात. त्या यंत्राविषयी आम्हांस आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या यंत्रावर बोट गेले म्हणजे घरी काय बोलतात? नशीब फुटके, शनीची पीडा, कोणाची तरी दृष्ट लागली! खंडेनवमीस यंत्रास झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. आणि त्याच यंत्राचे झाकण मात्र काढून कोपऱ्यात फेकलेले असते. बंधूंनो, माळेने पाते बोथट होत नाही. बोट जाते त्याला कारण असते, आणि ते कारण समजून घेता येते.

यंत्र कसे चालते ते पाहा. हातरंध्यात लाकूड स्थिर असते, रंधा फिरतो, आणि आपले हात पात्याच्या मागे, रंध्याच्या पाठीवर असतात. यंत्रात तोच रंधा उताणा निजविला आहे. पाते वर तोंड करून आहे, लाकूड त्यावरून सरकते, आणि आपले हात लाकडाच्या वर, म्हणजे पात्याच्याच वर येतात. सारा धोका या एका उलटापालटीत आहे.

यंत्राला दोन मेजे असतात. अलीकडचे मेज किंचित खाली, पलीकडचे मेज पात्याच्या सर्वांत उंच टोकाशी बरोबर समपातळीत. दोहोंच्या उंचीत जितका फरक, तितकाच लाकडाचा थर निघतो. तो थर एक ते दीड मिलिमीटरचा पुरे. पलीकडचे मेज पात्याहून उंच राहिले तर फळी त्यावर अडते. खाली राहिले तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. बाजूची उभी पट्टी गुण्याने तपासून काटकोनात बसवावी, म्हणजे कड सरळ येते.

मधला गोल दांडा मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेतो. त्यावर तीन पाती असली तर मिनिटाला १५,००० घाव, म्हणजे सेकंदाला २५० झाले. हात मागे घ्यावा असे मनात येऊन हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातोच. तेवढ्यात पन्नास घाव पडून गेलेले असतात. तेव्हा "आम्ही चपळ आहोत, हात काढून घेऊ" ही फुशारकी व्यर्थ आहे.

पूर्वी पाती चौकोनी दांड्यावर बसवीत. त्याच्या बाजूच्या मोठ्या फटीत बोटे खोल ओढली जात. इंग्लंडात १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड सरकविण्याच्या यंत्रावर गोल दांडाच असावा असे ठरविले. आजही कोठे चौकोनी दांडा दिसला तर त्या यंत्रावर काम करू नये.

आता हात पात्यावर पडतो कसा? दांडा लाकडाच्या चालीविरुद्ध, आपल्या अंगाकडे फिरतो. पात्याखाली खिळा, गाठ किंवा उलटी नस आली की तो फळी हिसकून मागे फेकतो. फळीवर जोर देऊन ठेवलेला हात आधार सुटताच खाली, उघड्या पात्यावर जातो. हे कळले म्हणजे पुढील नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

जुन्या खोक्यांचे लाकूड असेल तर आधी सर्व खिळे उपटून पाहावे. फळीच्या कडेवर नसेच्या रेषा आपल्याकडील टोकाकडे खाली उतरत असाव्यात. बैलाच्या अंगावरून केसांच्या दिशेने हात फिरवावा तसे हे आहे. वाकडी फळी असल्यास खोलगट अंग खाली ठेवावे, म्हणजे ती डुलत नाही. एक फुटाहून आखूड किंवा अर्ध्या इंचाहून पातळ तुकडा या यंत्रावर घेऊच नये; तो हातरंध्याने करावा. तळहात पात्यावरून कधी नेऊ नये. दांडीचा ठोकळा करून त्याने फळी ढकलावी, आणि पुरेशी फळी पलीकडे गेली की जोर पलीकडच्या मेजावर द्यावा. उभे राहावे ते बाजूला, फळीच्या सरळ मागे नव्हे. हातमोजे, उपरणे, मनगटाचा गंडा, सैल बाही यांतले काहीही नको. दांडा कापड ओढतो व कापडामागे हात ओढतो. पाते बोथट झाले की जोर अधिक लागतो व हात निसटतो, म्हणून बोथट पाते धारदार पात्याहून घातकी समजावे. पाते बदलताना बटण बंद करून भागत नाही. वायर काढावी, दांडा पुरता थांबू द्यावा, आणि स्क्रू दोनदा आवळावे.

झाकणाने काम मंदावते असे मालक म्हणतात. पात्याचा जितका भाग लाकडाखाली नाही तितका झाकलेला असावा, एवढेच झाकणाचे काम. त्याने कितीसा वेळ जातो? १९४८ च्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्रास आवरण घालणे बंधनकारक केले, आणि अल्पवयीन कामगारास पुरती माहिती व शिक्षण दिल्यावाचून अशा यंत्रावर लावू नये असे सांगितले. लहान वर्कशॉपे बहुधा त्या कायद्याबाहेरच राहिली. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेनेही कामाची जागा धोक्यावाचून ठेवणे हे मालकाचेच कर्तव्य ठरविले. ते मागणे म्हणजे भीक नव्हे. नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के, तर्जनी पुरती गेली तर १४ टक्के उणी झाली असे धरीत. पण ज्याला वाकस धरता येत नाही, घास नीट उचलता येत नाही, त्याचा हिशेब कोणत्या तक्त्यात बसतो?

मायबहिणींनो, तुमच्याकडेही आमचे एक मागणे आहे. मुलगा कामास लागला की पगार किती ते तुम्ही विचारता, ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: यंत्राला झाकण आहे काय, आणि यंत्र तुला कोणी शिकविले काय? दोन्हींचे उत्तर नाही असे आले, तर त्या दिवशी त्यास यंत्रावर उभे राहू देऊ नका. ज्याला यंत्र कळले तोच त्याचा धनी. ज्याला कळले नाही त्याची बोटे त्याकडे गहाण पडली, असे समजावे.