सोंगाड्या आणि कोसॅक



मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आले. गावाचे शहर होताना रस्ते, पाणी, घरपट्टी यांवर सभा होतात. गावाच्या हसण्याचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. कार्यकर्त्याला तो प्रश्न क्षुल्लक वाटतो. वस्तुतः तो राजकीय प्रश्न आहे.

वगातला राजा मूर्ख, प्रधान धूर्त, कोतवाल लाचखाऊ. आणि या साऱ्यांची फजिती करणारा सोंगाड्या कफल्लक. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने या हास्याचे सामर्थ्य ओळखले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसे त्याच मुशीतून घडली. १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये कोंडके हवालदार झाले आणि मध्यमवर्गही सत्तेला खदखदून हसला.

परंतु या परंपरेची एक मर्यादा आहे. वगातला राजा काल्पनिक असतो. समाजाने ज्यांना खरोखर डोक्यावर घेतले, त्या वीरांबरोबर हसण्याची मुभा तिने क्वचितच घेतली.

युक्रेनने ती घेतली. व्होलोदिमिर दाख्नो यांनी कीव्हमध्ये १९६७ ते १९९५ या काळात कोसॅक वीरांवर नऊ विनोदी चलच्चित्रे काढली. ग्राय, ओको आणि तुर हे तिघे नायक : एक बुटका व चलाख, एक उंच, एक आडदांड. संवाद जवळजवळ नाहीतच. पहिल्या चित्राचा विषय काय, तर कण्या शिजवणे! पुढे हे वीर फुटबॉल खेळतात, मीठ आणायला जातात. ज्या कोसॅकांचा तळ सम्राज्ञी कॅथरीनने १७७५ साली उद्ध्वस्त केला, त्यांना भूक लागते, त्यांची त्रेधा उडते. आणि तरीही लोकांचे त्यांच्यावरील प्रेम तसूभर घटले नाही. खऱ्या कोसॅक इतिहासात लूट आहे, १६४८च्या उठावातील ज्यूंची कत्तल आहे. तिथे ही चित्रे मौन पाळतात, हेही नमूद केले पाहिजे.

तंत्राची सबब पुण्याला सांगता येणार नाही. ‘प्रभात’ने १९३४ सालीच ‘जंबूकाका’ हे व्यंगचलच्चित्र काढले होते. त्याचा नायक मात्र कोल्हा; त्याच्या नावाने कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

मांजरीत पुन्हा कलापथक उभे राहिले, तर त्याने पहिला वग पाणीपट्टीवर बसवावा. त्यात नगरसेवक असावा, बिल्डर असावा. आणि मोर्चाचे निवेदन घरी विसरून आलेला आपल्याच पक्षाचा कार्यकर्ताही असावा.