चुन्याची डबी आणि आपली वस्ती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण वाचनालयात झालं. आधी एक कबुली देतो. पंचवीस वर्षं माझ्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. गिरणीत कापूस, म्हणून विडी-काडीला बंदी. मग तिसऱ्या पाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू. एकजण मळायचा, चौघे खायचे. नव्या पोराला काम शिकवायच्या आधी आम्ही चिमूट शिकवली, हे आज मनाला बोचतं.

मी दोनदा तंबाखू सोडली आणि दोनदा पुन्हा धरली. खाताना सोबत होती, सोडताना मी एकटा होतो. जे व्यसन सोबतीनं लागतं ते सोबतीनंच सुटतं, एवढंच मला सांगायचं आहे.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांत सुमारे २७ जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यातले बहुतेक ओढणारे नव्हेत, खाणारे आणि लावणारे. पहाटे मशेरी लावणारी माउली स्वतःला व्यसनी समजत नाही. माझ्या घरीही तेच आहे. पण पुरुषानं स्वतःची पुडी टाकल्याशिवाय बाईच्या मशेरीवर बोलायचा त्याला अधिकार नाही.

२००३ च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी आहे. आम्ही चौघांनी सुतळी धरून अंतर मोजलं. आपल्याच एका भगिनीची टपरी आत आली. तक्रार करणं सोपं होतं, पण तिच्या पोटाचं काय? मुख्याध्यापक आणि महिला मंडळ यांना घेऊन आम्ही तिच्याशी बोललो. पुड्यांच्या माळा उतरल्या. आता तिथं चहा, बिस्किटं, वह्या मिळतात. तिची कमाई घटली, हे खरं आहे. म्हणून मुलांच्या वह्या तिच्याकडूनच घ्या, ही हात जोडून विनंती.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. कायदा सरकार करतं, लक्ष वस्तीनं ठेवायचं असतं. पाचवं शील म्हणताना आपण फक्त दारू आठवतो आणि बाहेर येऊन तंबाखू मळतो. हे बरं नव्हे.

महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, सोडू इच्छिणाऱ्यांनी इथं अर्धा तास बसावं. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा तीन बोटं तोंडात जाईनात, तर डॉक्टर गाठा. आपल्यापैकी एकजण सोबत येईल. १८००-११-२३५६ या सरकारी फोनवर मोफत सल्लाही मिळतो.

तिसऱ्यांदा सोडून मला चौदा महिने झाले. हात अजून खिशाकडे जातो. दिसला तर मला हटका. मी रागावणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!