यंत्राचे प्रेम आणि प्रेक्षकांचा कौल

२००८ सालच्या ‘वॉल-ई’ या विनोदी व्यंगचित्रपटाविषयी प्रेक्षकांत दोन तट पडतात. कचरा उपसणाऱ्या यंत्रास मन नाही, मग प्रेम कोठले, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याचे डोळे पाणावतात. आम्ही दुसऱ्या पक्षाचे. ईव्ह निश्चेष्ट असता वॉल-ई पावसात तिच्यावर छत्री धरतो. तेथे शब्द नाही, काळजी आहे. ठाकूरद्वारकरांस मुक्या चित्राची ही भाषा परकी नाही. येथल्याच गिरगावात, कॉरोनेशन चित्रगृहात, ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यापूर्वी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखविली होती. ‘वॉल-ई’तही एक रोपटेच माणसांना पृथ्वीवर परत आणते. रोप वाढते ते बोलून दाखवीत नाही. प्रेमाचेही तसेच आहे.